मशीन कुठे गेलं?

मोठ्या, रिकाम्या कारखान्यात शिरलं की माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. देवळाच्या गाभाऱ्याजवळ होतं तसंच. मान वर जाते, पाय रेंगाळतात, मग मोबाइल बाहेर येतो. उंच छप्पर, लोखंडी कैच्या, वरच्या धुरकट काचांमधून तिरपा येणारा उजेड. ही सगळी त्या वास्तूची ताकद, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता शंका येते. आपल्याला भव्य वाटतं ते इमारतीमुळे, की इमारतीतलं काम बंद पडलंय म्हणून? आणि दुसरं खरं असेल, तर तिथे ठेवलेली कला बघून खूश होताना आपण कोणाचं काही देणं लागतो का?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर बंद पडलेली वीज केंद्रं, साखर कारखाने, गोदामं, गुरांचे बाजार यांची कलादालनं झाली आहेत. आजचे कलाकार जी मांडणशिल्पं करतात, ज्यांना आपण सरळ इन्स्टॉलेशन म्हणतो, ती पुष्कळदा एवढी अवाढव्य असतात की गॅलरीच्या चार भिंतींत मावत नाहीत. त्यांना कारखान्याचंच माप लागतं. शहराला इमारत वाचवल्याचं समाधान मिळतं, कलाकाराला जागा मिळते, आपला रविवार चांगला जातो. मग अडचण काय?

अडचण माझ्यापुरती जरा घरगुती आहे. मी आगरचा. डहाणूच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला बघितलं की औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटरची चिमणी दिसते. हे केंद्र १९९५ साली सुरू झालं, म्हणजे ते माझ्यापेक्षा थोडंसंच मोठं आहे. ५०० मेगावॉट, कोळशावर. वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. केंद्राला स्थानिकांचा विरोध झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तरी केंद्र उभं राहिलं. त्याच सुमारास, १९९१ साली, सगळा डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि इतर मोठे कारखाने इकडे फारसे आले नाहीत. चिकूच्या वाड्या राहिल्या. आणि माझ्यासारखे इंजिनिअर झालेले पहाटे डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल पकडायला लागले. मी दादरला गाडी बदलतो आणि लोअर परळला उतरतो. तिथे एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत आहे, तिच्या सातव्या मजल्यावर बसून कोड लिहितो. खिडकीतून दुसरी चिमणी दिसते, विझलेली. तिला रात्री निळा लाइट मारतात.

एक धुराची चिमणी आणि एक लाइटची, यांच्यामध्ये रोज ये-जा करणाऱ्याला वरचा प्रश्न पडणं साहजिक आहे.

ससून डॉकपासून सुरुवात करू, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या जुन्या गोदामात ‘ससून डॉक आर्ट प्रोजेक्ट’ झाला. स्टार्ट इंडिया फाउंडेशनने एशियन पेंट्सच्या साथीने भरवलेला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो. ही गोदी १८७५ ची, ससून घराण्याने बांधलेली. त्यांचा पैसा कापूस आणि अफूच्या व्यापारातला. आज तिथे मुंबईतला मोठा मासळी बाजार आहे. पहाटे लिलाव, दिवसभर बर्फ, टोपल्या, हातगाड्या, आणि ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. या सगळ्यातून वाट काढतच प्रदर्शनाला जावं लागायचं. बरेच जण नाकाला रुमाल लावून चालत होते. मला त्या वासाचं विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडे बोंबील वाळत घातले की सगळी हवाच ती असते.

आत रंग, उजेड, एकेका खोलीचं रूपच पालटलेलं. फ्रेंच कलाकार जेआर याचा ‘इनसाइड आउट’ नावाचा जागतिक उपक्रम आहे. त्यात डॉकवर राबणाऱ्या माणसांचे मोठाले कृष्णधवल फोटो भिंतींवर चिकटवले होते. समीर कुलावूर यांनी तर वासालाच विषय केला होता. ‘पारफम ससून’ असं उंची अत्तराला शोभेल असं नाव देऊन नाक मुरडणाऱ्यांचीच फिरकी घेतली होती. मला ते आवडलं. रुमाल लावून आत आलेल्या माणसाला तो रुमाल आपल्या तोंडावर आहे याची जाणीव करून देणं, एवढं जरी कलेने केलं तरी पुष्कळ झालं.

बाहेर पडताना कोळंबी सोलणाऱ्या एका मावशींना विचारलं, “आत जाऊन आलात का?” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “आमच्यातल्या एकीचा फोटू लावलाय म्हणतात. हा माल संपला की बघू.” प्रवेश फुकट होता. पण माल संपल्याशिवाय त्यांना उठता येणार नव्हतं, आणि माल संध्याकाळपर्यंत येतच राहतो.

तरी ससून डॉक हे सोपं उदाहरण आहे. गोदाम जुनं असलं तरी शेजारचं काम चालू आहे, वास आहे, आवाज आहे. बघणाऱ्याला विसरताच येत नाही. पुढे डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्ताने डॉकवर पुन्हा अशीच कामं मांडली गेली, तेव्हाही बाजार चालूच होता. प्रश्न खरा अवघड होतो तो काम पूर्ण थांबलेलं असतं तिथे.

अशा जागांत सगळ्यात प्रसिद्ध लंडनची टेट मॉडर्न. थेम्स नदीकाठचं बँकसाइड वीज केंद्र १९८१ साली बंद झालं आणि २००० साली त्याचं कला संग्रहालय म्हणून उद्घाटन झालं. जिथे टर्बाइन होती ती जागा, टर्बाइन हॉल, ३५ मीटर उंच आणि दीडशे मीटरहून जास्त लांब. साधारण दरवर्षी एखाद्या कलाकाराला तो अख्खा हॉल दिला जातो. २००३ साली ओलाफुर एलियासन यांनी तिथे ‘द वेदर प्रोजेक्ट’ केला: एका टोकाला शेकडो पिवळ्या दिव्यांचा प्रचंड सूर्य, हवेत धुकं आणि सगळ्या छताला आरसे. पाच-सहा महिन्यांत वीस लाखांहून जास्त लोक येऊन गेले. लोक जमिनीवर उताणे पडून वर दिसणाऱ्या आपल्या इवल्याशा प्रतिबिंबाला हात हलवायचे.

हे मी फक्त फोटो-व्हिडिओत पाहिलंय. तिथे असतो तर मीही आडवा पडलो असतो, यात शंका नाही.

आमच्या नात्यातले एक काका कंत्राटदारातर्फे बरीच वर्षं एका वीज केंद्रात टर्बाइनच्या मेंटेनन्सला होते. एकदा गणपतीत घरी आले असताना मी त्यांना हे फोटो दाखवले. मला वाटलं, सूर्य बघून काहीतरी म्हणतील. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला आणि विचारलं, “मशीन कुठे गेलं?”

मी सांगितलं, काढून टाकलं, आता म्युझियम आहे.

“सगळं?” मग दुसऱ्या एका फोटोवर थांबले. “नाही, ही ईओटी क्रेन ठेवलीय की.” आणि त्यांचा चेहरा उजळला. मला तोवर त्या फोटोत क्रेन दिसलीच नव्हती. छताखालच्या दोन रुळांवर आडवा पसरलेला तो लोखंडी पूल मला छताचाच भाग वाटला होता. काका सांगत बसले: ओव्हरहॉलिंगच्या वेळी टर्बाइनचं झाकण उघडायचं, कित्येक टनांचा रोटर क्रेनने सरळ वर उचलायचा आणि बाकीच्या मशीनवरून नेऊन बाजूला ठेवायचा. तेवढी मोकळी उंची वर हवी. “म्हणून हॉल एवढा उंच असतो. नाहीतर कशाला कोण बांधतंय?”

मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस. ज्या उंचीने मी भारावलो होतो ती रोटर उचलायला ठेवली होती, हे मला एका फोटोवरून काकांनी शिकवलं. त्यांनी अजून एक सांगितलं. हॉलमध्ये मशीन चालू असताना बोलणं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं, उकाड्याने शर्ट अंगाला चिकटतो. तिथे कोणी उभं राहून छताकडे बघत नाही.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली ‘उदात्त’ या अनुभवाबद्दल लिहिताना एक अट सांगितली होती. वादळ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र या गोष्टी आपल्याला उदात्त वाटतात, पण आपण स्वतः सुरक्षित जागी असलो तरच. होडीत बसलेल्या माणसाला वादळाचं सौंदर्य दिसत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कोणालाही हे सांगायला कांट लागणार नाही. पण कारखान्याला ही अट लावून बघितली की गोष्ट स्पष्ट होते. काकांसाठी टर्बाइन हॉल म्हणजे होडी होती. आपल्यासाठी तो किनारा झालाय, कारण मशीन थांबलं. आपल्याला मिळालेलं सुरक्षित अंतर कोणीतरी नोकरी गमावल्यावर, किंवा निदान निघून गेल्यावर तयार झालंय.

मग माझं म्हणणं काय, तर अशा जागेतल्या कलेला मी हा एक प्रश्न विचारतो: ती हे अंतर आणखी वाढवते की कमी करते? गेलेल्या कामगारांसाठी तिने गळा काढावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. फोटोखाली दोन ओळींची श्रद्धांजली तर नकोच. पण माझ्या काकांसारखा माणूस त्या हॉलमध्ये शिरला तर त्याला बोलायला काही उरलंय का? का तो तिथे फक्त भिंतीवरचा चेहरा होऊनच येऊ शकतो?

याच टर्बाइन हॉलमध्ये २०१० साली आय वेवे या चिनी कलाकाराने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. दहा कोटी बिया, पोर्सिलेनच्या, प्रत्येक बी हाताने रंगवलेली. जिंगडेझेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध असलेल्या गावात १६०० कारागीर त्यावर राबले होते. लोकांनी त्या बियांवरून चालावं, त्या हातात घ्याव्यात अशी कल्पना होती. प्रदर्शन उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच चालणं बंद करावं लागलं, कारण बिया घासून चिनी मातीची धूळ उडायला लागली आणि ती श्वासातून आत जाणं आरोग्याला बरं नाही. दोरी लावली, लोक बाहेरून बघायला लागले.

संग्रहालयाने बरोबरच केलं. पण माझ्या दृष्टीने त्या कामाचा सगळ्यात बोलका क्षण तोच. जागा कारखान्याची, समोर माल कारखान्याचा, आणि कारखान्यात असते तशीच धूळही आली. बघणाऱ्याच्या फुप्फुसासाठी दोन-तीन दिवसांत दोरी लागली. गिरणगावात कापसाचे तंतू छातीत जाऊन बिसिनोसिस होतो हे माहीत असूनही त्रासन खात्यात माणसं वर्षानुवर्षं उभी होती. आमच्याकडे चिकूच्या पानावर बोट फिरवून राख आहे का बघण्याची सवय बागायतदारांना उगाच लागलेली नाही. धूळ किती दिवसांत कोणाच्या लक्षात येते, हे ती कोणाच्या नाकात जाते यावर ठरतं.

आता न्यूयॉर्क. ब्रुकलिनमधला डॉमिनो साखर कारखाना २००४ साली बंद पडला. जागा नदीकाठची, सोन्याच्या भावाची. पाडकाम आणि नवे टॉवर व्हायच्या आधी, २०१४ च्या मे ते जुलैमध्ये, कारा वॉकर या कृष्णवर्णीय कलाकार बाईंनी तिथे एक प्रचंड शिल्प केलं. पंचाहत्तर फूट लांब, पस्तीस फूट उंच, स्फिंक्ससारखी बसलेली काळ्या बाईची आकृती, डोक्याला कामवालीचा रुमाल बांधलेली, आणि सगळी पांढऱ्याशुभ्र साखरेने लिंपलेली. भोवती मळीच्या रंगाची, टोपल्या घेतलेली पोरं. त्यातली काही उन्हाळ्यात वितळून खाली सांडली. भिंतींवर कित्येक वर्षांची मळी साचलेली होती आणि तिचा वास अजून येत होता. उसाच्या मळ्यांपासून नव्या जगातल्या स्वयंपाकघरांपर्यंत फुकट आणि अति राबलेल्या कारागिरांना मानवंदना, असं लांबलचक उपशीर्षक वॉकर यांनी दिलं होतं, आणि त्यात ‘कारखाना पाडण्याच्या निमित्ताने’ हेही स्पष्ट लिहिलं होतं.

झालं काय, तर कित्येक लोकांनी त्या आकृतीच्या अंगाशी अश्लील चाळे करत सेल्फी काढले आणि इंटरनेटवर टाकले. इतर प्रेक्षक भडकले, त्यावर खूप चर्चा झाली. दुसरी बाजूही आहेच: साखर साखर कंपनीने दिली होती, आणि जमीन विकासकाची होती. प्रदर्शनाची गर्दी ही एका अर्थी येणाऱ्या टॉवरचीही जाहिरात झाली. म्हणजे कलाकाराने सगळं बरोबर करूनही हे झालंच. त्यामुळे ‘चांगली कला केली की प्रश्न सुटला’ असं म्हणायची सोय नाही.

पण त्या प्रदर्शनातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारखान्यात वीसेक वर्षं काम केलेला एक जुना कामगार तिथे स्वयंसेवक म्हणून उभा राहायचा आणि लोकांना सांगायचा, इथे काय होतं, काम कसं चालायचं. साखरेच्या त्या अवाढव्य बाईसमोर उभा राहून एक माणूस जागेबद्दल अधिकाराने बोलतोय. शिल्पाचा तो भाग नव्हता, पण मी पाहिलं असतं तर आधी त्याच्याकडेच गेलो असतो.

आपल्याकडे कोचीत अंतर कमी करायचा वेगळाच मार्ग २०१६ च्या बिएनालेत बघायला मिळाला. ॲस्पिनवॉल हाउस हे समुद्रकाठचं जुनं व्यापारी आवार; मिरी, काथ्या, चहा असा माल इथून जहाजांवर चढायचा. तिथल्या एका गोदामात चिलीचे कवी राउल झुरिता यांनी समुद्राचं पाणी भरलं. २०१५ साली भूमध्य समुद्रात बुडालेल्या सीरियन निर्वासितांपैकी आयलान कुर्दी या लहानग्याचा फोटो जगाने पाहिला. त्याचा पाच वर्षांचा भाऊ गालिपही त्याच रात्री बुडाला, त्याचा फोटो नाही. झुरिता यांचं काम गालिपसाठी होतं. त्याच्यासाठी लिहिलेले शब्द पलीकडच्या भिंतीवर, आणि तिथे पोचायला गोदामभर पाण्यातून चालत जायचं. पँट भिजायची. ज्या समुद्रावर त्या गोदामाने पैसा केला तोच समुद्र आत आणून माणसाला त्यात उभं करायचं, हे मला फार सरळ आणि कठोर वाटतं. इथे किनारा ठेवलेलाच नाही.

आपल्या गिरण्यांच्या बाबतीत मात्र असं काही झालं नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. जमिनी मोकळ्या होत गेल्या, आणि तिथे मॉल, टॉवर आणि माझ्यासारख्यांची ऑफिसं आली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय हाती घेतलं. बाकी आठवण ठेवायचं काम मुख्यतः कॅनव्हासवर झालं. ठाण्यात डॉक्टरकी करत सुधीर पटवर्धन यांनी कामगारांची चित्रं काढली, त्यात २००१ चं ‘लोअर परळ’ आहे.

माझ्या ऑफिसच्या लॉबीत एक भलंमोठं दातेरी चाक ठेवलंय. पिवळा रंग दिलाय, खालून लाइट आहे. नवीन आलेले सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात. ते साचे खात्यातलं, त्रासन खात्यातलं, की इंजिनघरातलं? मी बऱ्याच जणांना विचारलं, कोणालाच माहीत नाही. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीच्या कोडची एखादी ओळ कोणी लिहिली ते ‘गिट ब्लेम’ मारलं की नावासकट समोर येतं. चुका शोधायला वापरतात, पण त्यातून माणूसही सापडतो. त्या चाकाला असली काही सोय नाही. ते सुंदर दिसतं, आणि ते कुठलं हे सांगू शकणारा माणूस कदाचित भायखळ्याच्या एखाद्या चाळीत दुपारची झोप काढत असेल.

‘अहो, पण चाक भंगारात जाण्यापेक्षा बरं ना?’ हा युक्तिवाद मला मान्य आहे. तोच सगळ्या इमारतींना लागू होतो: पाडण्यापेक्षा संग्रहालय बरं, मॉलपेक्षा तर नक्कीच. फक्त ‘भंगारापेक्षा बरं’ हे माप फार खालचं आहे. त्या मापाने माझं पिवळं चाकही पास होतं.

मला खरी आशा दिसते ती आतून आलेल्या कलाकारांत. प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, घरचे लोक कोळसा खाणीत. ते कोळशानेच भिंतभर चित्रं काढतात: डोक्याच्या जागी यंत्रं असलेली माणसं, उकरलेली जमीन. त्यांच्यासाठी खाणीपासूनचं सुरक्षित अंतर पहिल्यापासूनच नव्हतं. अशा माणसाच्या हाती मोठा हॉल दिला तर वरचा प्रश्न विचारावाही लागत नाही.

अंतराचा विषय निघालाय म्हणून आमच्या भागातल्या एका गोष्टीबद्दल. आगरच्या पूर्वेला, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहितात. कुडाची सारवलेली भिंत, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाने काडीने काढलेला चौक, मध्ये पालघट देवी. सुवासिनी तो लिहितात, धवलेरी गाणं म्हणते, लग्न लागतं. चौक लग्नासाठी असतो, लग्न झालं की त्याचं काम झालं. मग तो भिंतीवर हळूहळू पुसट होत जातो. त्याला प्रेक्षक असा कोणी नसतो, त्या घरातले सगळे त्या लग्नाचेच असतात.

सत्तरच्या दशकात कागद आणि रंग पाड्यांवर आले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे रोज चित्रं काढायला लागले. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. ते प्रदर्शन पोंपिदू केंद्रात आणि ला विलेत भागातल्या ‘ग्रांद आल’मध्ये असं दोन ठिकाणी भरलं होतं. ग्रांद आल म्हणजे एकोणिसाव्या शतकातला पॅरिसच्या कत्तलखान्याचा गुरांचा बाजार, लोखंड आणि काचेचा. १९७४ साली कत्तलखाना बंद झाला, मग तो हॉल नव्याने उभा केला. तिथे ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमूच्या आदिवासी कलाकारांनी जमिनीवर मातीचं चित्र घातलं होतं आणि त्यामागच्या उंच भिंतीवर रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराने चिखलाचं भलंमोठं वर्तुळ काढलं होतं. फोटोत वर्तुळ वर, जमिनीवरचं चित्र खाली. कोण कोणावर वरचढ झालं यावर तेव्हापासून वाद आहे. याच लाँग यांचं आणि मशे यांचं पुढे २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र प्रदर्शन झालं.

गंजाडची कला परदेशात गेल्याचा मला अभिमानच आहे, रडगाणं गायचं नाही. फक्त पूर्वी जिथे चौक लिहिणारा आणि बघणारा असे दोन वर्ग नव्हते, तिथे ते झाले. एका गुरांच्या बाजाराने आधी माणसं आणि जनावरं काढून जागा केली. मग जगातल्या दूरदूरच्या पाड्यांवरून कामं येऊन तिथे बसली. जागा मिळाली हे खरं, आणि ती कोणीतरी उठून गेल्यावर मिळाली हेही खरं.

डहाणूचं केंद्र चालू आहे आणि कधी बंद होईल हे मला माहीत नाही. पण कोळशाची सगळीच केंद्रं एक दिवस बंद होतील. तेव्हा कोणीतरी येईलच, आर्किटेक्ट, क्युरेटर, एखादा रंगाचा ब्रँड. समुद्रकिनारा, मुंबईपासून तीन तास, एवढा मोठा हॉल. जागा त्यांना आवडणारच. मलाही आवडेल. हॉलमध्ये काय ठेवायचं याच्या मीटिंगमध्ये कोण बसेल, ते बघायला मला जास्त आवडेल.

गेल्या महिन्यात काकांना हे विचारून टाकलं. तुम्ही होतात तसल्या केंद्राचं म्युझियम करायचं ठरलं आणि तुम्हाला बोलावलं, तर काय सांगाल? ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

“हॉलचं नंतर. आधी ॲश पाँडमधल्या राखेचं काय करणार ते विचार त्यांना. उन्हाळ्यात उडते ती.”

आणि हॉल?

“काय ठेवायचं ते ठेवा. पण क्रेन चालू ठेवा म्हणावं. महिन्यातून एकदा या टोकाहून त्या टोकाला न्यायची, ग्रीस मारायचं. उभी राहिली की जाम होते.”